कोणत्या पानावर?



पडीक माळावर उगवणारी रुई आपण पाहिली आहे. तिच्याभोवती संथ उडणारे नारिंगी फुलपाखरूही पाहिले असेल. त्याच्या पंखांची टोके काळी, त्यांवर पांढरे ठिपके. त्याचे नाव ‘प्लेन टायगर’. त्याला घाई नसते, कारण पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत.

हा निर्धास्तपणा कोठून येतो? मादी पायांनी पानाची पारख करते आणि मगच त्यावर एकेक अंडे घालते. अंड्यातून निघालेली अळी रुईची पाने खाते, त्यांतील विषारी द्रव्य पचवते आणि शरीरात साठवते. कोशातून फुलपाखरू बाहेर पडते, तेव्हा बालपणीचे ते कडू अन्नच त्याची ढाल झालेले असते.

मात्र अभ्यासकांना आढळले आहे की, कमी विष असलेल्या वनस्पतीवर वाढलेली फुलपाखरे रंगाने तशीच असली, तरी तितकी कडू नसतात. ‘डॅनेड एगफ्लाय’ या दुसऱ्या जातीची मादी तर हुबेहूब हाच रंग धारण करते; ढाल मात्र तिच्याजवळ नसते.

सूरह ताहामध्ये हजरत मूसा (अ.) फिरऔनला आपल्या पालनकर्त्याची ओळख करून देताना निर्मितीबरोबरच मार्गदर्शनाचाही उल्लेख करतात. या मादीचेच पाहा. ती पिलाला भरवत नाही, उडायला शिकवत नाही. योग्य पान निवडण्याची जाण मात्र अल्लाहने तिला दिली आहे.

आपल्याला तर बुद्धी, दिव्य कुरआन आणि प्रेषितांचा (स.) आदर्श लाभला आहे. मग आपण आपल्या मुलांना कोणत्या पानावर ठेवत आहोत? टोपी आणि हिजाब हा पंखांचा रंग झाला. तो मोलाचा आहेच. पण घरातील अन्न बहिणीचा वारसाहक्क दाबून, माप मारून किंवा व्याजातून आलेले असेल, तर त्या रंगाखाली कोणती ढाल उरेल? हराम अन्नावर पोसलेल्या माणसाच्या दुआविषयी प्रेषितांनी (स.) गंभीर इशारा दिला आहे.

बहिणीला तिचा वाटा देणे मनाला कडू वाटते. पुरे माप भरले की नफा घटतो. थंडीत फज्रसाठी उठणे जड जाते. हा कडूपणा मुले रोज पाहतात आणि नकळत आपल्यात साठवतात. उद्या मोहाच्या क्षणी आपण त्यांच्याजवळ नसू. तेव्हा हेच साठवलेले त्यांना वाचवील.

अल्लाह आपल्या घरांत हलाल अन्न आणि मुलांच्या अंतःकरणात ईमान रुजवो. आमीन.