माफी मागताना अर्जुन काय म्हणतो?



आजचं वाचन : भगवद्गीता, अध्याय ११, श्लोक ४१ ते ४४.

विश्वरूप पाहून अर्जुन घाबरतो, नमस्कार करतो आणि मग माफी मागतो. कशी मागतो ते पाहा. "काही चुकलं असेल तर क्षमा कर" असं तो म्हणत नाही. तो यादीच सांगतो. तुला मित्र समजून बरोबरीच्या नात्याने हाका मारल्या. चेष्टेत, झोपता-बसता, जेवताना तुझा मान राखला नाही. कधी एकांतात, कधी चारचौघांत. कारणही सांगतो : तुझा महिमा कळला नव्हता, कधी निष्काळजीपणा, कधी प्रेम. पण कारण पुढे करून सुटका मागत नाही.

ज्ञानेश्वरीत माउली ही यादी आणखी वाढवतात. तुला कौरवांकडे शिष्टाईला धाडलं, आज सारथी केलं. म्हणजे कल्पतरू तोडून आम्ही शेताला कुंपण केलं!

आमच्या अंजनगाव सुर्जीत देवनाथ महाराजांचा मठ आहे. देवनाथ एकनाथांच्या परंपरेतले, आणि शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली ती नाथांनीच. त्यामुळे ज्ञानेश्वरी लहानपणापासून कानावर. पण कुंपणाची ही गोष्ट तेव्हा नुसती गंमत वाटायची.

मागच्या दिवाळीत घरी सगळ्यांसमोर मी मोठ्या भावाला म्हणालो, "दादा, तुला गावाबाहेरचं काय कळतं?" आई-बाबांचं औषधपाणी, पानपिंपरीचा मळा, सगळं तोच पाहतो. त्याच्या जिवावर मी पुण्यात निर्धास्त. माझा कल्पतरू तोच होता.

पुण्याला येऊन मेसेज टाकला : "वाईट वाटलं असेल तर सॉरी." त्याचा अंगठा आला. फोन मात्र कमी झाले. ऑफिसात चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हे सांगितल्याशिवाय कोड दुरुस्त होत नाही, हे मला रोज कळतं. घरी मात्र "असेल तर"!

आडवी येत होती लाज. "मी किती वाईट, आता तोंड कसं दाखवू?" नीट पाहिलं तर यात सगळा 'मी'च आहे, दादा कुठेच नाही. अर्जुनाची नजर कृष्णावर आहे, म्हणून तो तोंड लपवत नाही. बाराव्या अध्यायाच्या पहिल्याच श्लोकात तो पुन्हा प्रश्न विचारतो!

गेल्या महिन्यात गावी गेलो. जेवताना, सगळ्यांसमोर म्हणालो, "दादा, दिवाळीत सगळ्यांदेखत मी तुझा अपमान केला. तू इथे आहेस म्हणून मी तिकडे राहू शकतो. चुकलं माझं."

तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "काहून रे, इतके दिवस लागले?"

त्याचं मन पूर्ण साफ झालं का, मी विचारलं नाही. क्षमा करणं त्याच्या हातात आहे, मागणं माझ्या. पण त्या रविवारी फोन त्यानेच केला.

आजची साधना : एक माणूस आठवा. नेमकं काय चुकलं तेवढंच सांगा. "असेल तर" आणि "पण तूही" हे दोन्ही गाळा. चारचौघांत चुकलं असेल तर चारचौघांतच सांगा.

राम कृष्ण हरी!