पाय मातीचे

बंगळूरच्या कब्बन पार्कमध्ये एम. जी. रोडच्या बाजूने शिरले की व्हिक्टोरिया राणीचा पांढरा संगमरवरी पुतळा लागतो. सकाळी फिरायला आलेली माणसे त्याच्यासमोरून झपाझप पुढे जातात. कोणी बुटाची नाडी बांधायला वाकतो आणि चालू लागतो. मान वर करून फारसे कोणी बघत नाही. १९०६ मध्ये या पुतळ्याचे अनावरण झाले, तेव्हा इंग्रजांचे राज्य मावळेल असे कितीजणांना वाटले असेल? ४१ वर्षांनी ते मावळले.

बंगळूरला याचे नवल नाही. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेले हे गाव १६३८ मध्ये विजापूरकरांनी जिंकले आणि शहाजीराजांना जहागीर म्हणून दिले. पुढे मोगल आले, म्हैसूरचे वोडेयार आले, हैदर आणि टिपू आले. १७९१ मध्ये इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसच्या फौजेने किल्ल्याच्या तटाला खिंडार पाडले. ती जागा सांगणारी शिळा उरल्यासुरल्या तटावर अजून आहे. जिंकणाऱ्यांची सद्दीही संपली, शिळा राहिली.

बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकातही असाच एक पुतळा आहे. तो बाबेलच्या नबुखद्नेस्सर राजाला स्वप्नात दिसतो. डोके सोन्याचे, छाती रुप्याची, पोट पितळेचे, पाय लोखंडाचे. पावलांत मात्र लोखंडाबरोबर माती. कुणाचा हात न लागता सुटलेला एक दगड त्या पावलांवर आदळतो आणि सगळा पुतळा चूर होतो. मग तो दगडच पर्वत होऊन पृथ्वी व्यापतो.

पुतळ्याचे हे भाग म्हणजे एकामागून एक येणारी राज्ये. हे वाचले की आपले बोट लगेच नकाशावर जाते. सोने म्हणजे कोण? लोखंड म्हणजे कोण? आजच्या बातम्यांतले कोणते राष्ट्र त्या पावलांत बसते? किती पिढ्यांनी हा हिशेब मांडला, आणि पुढच्यांनी तो पुसून पुन्हा मांडला.

मी त्या कथेत दुसरीकडेच थांबतो. आपले स्वप्न ज्ञान्यांना सांगता आले नाही म्हणून राजाने बाबेलच्या सगळ्या ज्ञान्यांना ठार करण्याचा हुकूम काढलेला असतो. देव दानीएलाला ते गूढ उलगडून दाखवतो. दानीएल देवाचे आभार मानतो, राजाच्या गारद्यांच्या नायकाकडे जातो आणि आधी एवढेच सांगतो, की त्या ज्ञान्यांना मारू नका. ते त्याच्या धर्माचे नव्हते. ज्या राज्याने त्याला बंदिवान करून आणले, त्या राज्याचे ते चाकर होते. ज्याला साम्राज्यांचा शेवट दिसला, त्याने आधी शेजाऱ्याचा जीव वाचवला.

भाकिताचा अर्थ मला इथे लागतो. सत्ता टिकणार नाही हे कळल्यावरही दानीएल हातावर हात धरून बसत नाही. राजाचे काम चोख करतो. गुडघे मात्र देवापुढेच टेकतो. यिर्मया संदेष्ट्यानेही बाबेलमधल्या बंदिवानांना लिहिले होते, की तिथे घरे बांधा, बागा लावा, त्या शहराच्या भल्यासाठी प्रार्थना करा. पोटासाठी परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पत्र जवळचे वाटावे.

आपण ख्रिस्ती लोकांनी हे भाकीत आधी स्वतःला लावून पाहावे. इथल्या छावणीतल्या होली ट्रिनिटी चर्चच्या भिंतींवर इंग्रज फौजेतल्या माणसांच्या स्मृतिशिला आहेत. त्या राज्यालाच देवाचे राज्य समजणारे भाविकही तेव्हा होते. देवाचे राज्य कुठल्याच झेंड्याखाली मावत नाही. आपल्या आवडत्या झेंड्याखालीही नाही.

म्हणून आज कामाला निघताना एवढेच करू या. कोणते राज्य कधी पडणार, याची चिंता देवावर सोपवू. आपल्या एका शब्दाने कुणाची नोकरी, कुणाची अब्रू, कुणाचा जीव वाचणार असेल, तर तो शब्द आजच बोलू.