आनंदाचा संकोच

२०१९ चा ऑक्टोबर. विधानसभेच्या मतदानाचा तो आठवडा होता. पुण्यात आमच्या गॅलरीत संध्याकाळचा चहा घेत बसलो होतो, तोच पाऊस आला. दिवसभराचा उकाडा एका सरीत निघून गेला. रस्त्याच्या कडेला सातविणीची झाडे आहेत. आश्विन लागला की त्यांना पांढरट हिरव्या फुलांचे घोस येतात आणि दिवेलागणीनंतर त्यांचा दाट वास सुटतो. त्या दिवशी ओल्या हवेत तो वास थेट घरात आला. इतके बरे वाटले की कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवेना. मी आपाला फोन लावला.

आपा माझी थोरली बहीण. बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात तिचे सासर. थोडी कोरडवाहू जमीन आहे. मी म्हटले, "आपा, काय सुरेख पाऊस लागलाय इकडे!" पलीकडून काही क्षण आवाज आला नाही. मग ती शांतपणे म्हणाली, "इधर सोयाबीन कू कोंबां फुटे रे."

सोयाबीन कापून, गंजी लावून ठेवलेले होते. मळणी यंत्राची वाट पाहत होते. ताडपत्री होती, पण पाणी खालून शिरले. शेंगेतल्या शेंगेत दाण्याला कोंब फुटले की ते पीक बाजारात नेण्याच्या लायकीचे राहत नाही. जून-जुलैत पेरलेले, साडेतीन महिने सांभाळलेले, हाती आल्यावर गेलेले. त्या वर्षी मराठवाड्यात मुळात पाऊस उशिरा आणि अपुरा झाला होता. आला तो असा, काढणीच्या वेळी. आणि मी इकडून त्याचे कौतुक सांगत होतो. फोन ठेवल्यावर चहाचा कप तसाच राहिला. सातविणीचा वास येतच होता. आता मात्र तो मला नकोसा झाला.

या लेखाचा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. ज्या गोष्टीने मला सुख होते तीच दुसऱ्याच्या घरात दुःख घेऊन गेली असेल, तर माझ्या सुखाचे मी काय करावे?

प्रश्न सोपा असता तर पावसाला दोष देऊन मोकळा झालो असतो. पण या पावसाची दुसरी आठवणही आपाचीच आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे सर्वांना आठवत असेल. मांजरा धरण वर्षानुवर्षे कोरडे पडले होते. त्याच वर्षी परतीच्या पावसाने ते भरले. एका रात्री आपाचा फोन आला. तिने काही न बोलता फोन खिडकीबाहेर धरला. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मिनिटभर आम्ही दोघेही ऐकत राहिलो. नंतर ती एवढेच म्हणाली, "सुना?" म्हणजे पावसाचा आनंद फोनवरून पाठवण्याची रीत तिचीच. मी ती तीन वर्षांनी उसनी घेतली आणि चुकीच्या दिवशी वापरली.

शरद ऋतूतले छोटे आनंद आठवून पाहावेत. पहाटे अंगणात पडलेला प्राजक्ताचा सडा. आमच्या लहानपणी ते झाड शेजाऱ्यांचे होते आणि निम्मी फुले आमच्या बाजूला पडत. सप्टेंबर-ऑक्टोबरात अचानक एका सकाळी दिसणारा, शेपटी वरखाली हलवत चालणारा धोबी पक्षी. तो हिमालयाकडून इथवर आलेला असतो. पाऊस सरल्यावरचे धुतलेले आकाश आणि त्यातले चांदणे. बालाघाटच्या डोंगरातले सीताफळ. त्या झाडाला कुणी खत घालत नाही, पाणी देत नाही, त्याची पाने शेळ्यासुद्धा खात नाहीत. आणि तरी खडकातून असे गोड फळ येते. यातले काहीही आपण कमावलेले नसते, मागितलेले नसते. त्यांना कोणाचा सणवारही लागत नाही. आमच्या चांद्र कालगणनेत वर्ष दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते. रमजान कधी पावसाळ्यात येतो, कधी उन्हाळ्यात, आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. प्राजक्त मात्र आपल्या वेळेला, सर्वांच्या अंगणात पडतो.

मागितले नाही म्हणून अशा आनंदाला किंमत लागत नाही, असे आपण समजतो. आपाच्या त्या वाक्याने हा समज डळमळला.

एक मत असे की, जगात इतके दुःख असताना फुलांच्या वासात रमणे ही संवेदनशून्यता आहे. माझे एक स्नेही असे म्हणत. त्यांची तळमळ खरी होती. पण मी वास घेणे बंद केले म्हणून आपाची एक शेंगही वाळणार नव्हती. शिवाय दुःख संपेपर्यंत आनंद थांबवायचा ठरवले तर कोणाचीच पाळी कधी येणार नाही. २०१६ च्या त्या रात्री आपालाही फोन खिडकीबाहेर धरता आला नसता, कारण तेव्हाही कुठेतरी कुणाचे तरी घर गळत असणारच.

दुसरे मत याच्या उलट आणि अधिक लोकप्रिय आहे. लहान लहान गोष्टींत सुख मानावे, म्हणजे माणूस दुःखी होत नाही. ऐकायला हे फार गोड वाटते. पण ते कोण कोणाला सांगतो, हे पाहावे लागते.

अब्बा शिंपीकाम करीत. शरद ऋतू हा आमच्या घरचा सुगीचा काळ. दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस मशीन रात्री एक-दोनपर्यंत चाले. २००५ आणि २००६ साली तर दिवाळी आणि ईद चार-पाच दिवसांच्या अंतराने आल्या. अब्बांचे ते मशीनवरचे शेवटचे हंगाम. काजे करायला अम्मी बसे, बटणे आम्ही लावत असू. मध्यरात्री अब्बा मशीन थांबवत, दुकानाची फळी थोडी बाजूला करत आणि बाहेरचे चांदणे पाहत चहा पीत. तेवढा वेळ कुणी त्यांच्याशी बोलत नसे.

एकदा एक जुने गिऱ्हाईक चार शर्ट न्यायला आले. मोठा भला माणूस. दुकानात गप्पा मारता मारता म्हणाला, "मास्टर, तुमचं बरं आहे. तुम्ही थोडक्यात सुखी असता. आम्हांला एवढं असून झोप नाही." असे म्हणून त्याने शिलाईतले काही रुपये कमी दिले आणि पुढच्या वेळी बघू म्हणाला. अब्बा हसले. रात्री मशीनवर बसल्यावर मात्र, कुणाकडे न पाहता म्हणाले, "मी सुखी आहे का नाही ते मी सांगीन. शिलाई त्यांनी द्यावी."

समाधानाविषयी पुष्कळ वाचले, पण या वाक्याच्या पुढे मी फारसा गेलेलो नाही. मध्यरात्रीचे चांदणे अब्बांचे होते. ते त्यांनी स्वतः शोधले होते. त्या गिऱ्हाइकाने ते त्यांच्या हिशेबात जमा धरले आणि तेवढी मजुरी वजा केली. समाधान हा शब्द माणसाने स्वतःपुरता वापरावा. दुसऱ्याच्या ताटात तो वाढला की त्यातून भाकरी कमी होते.

अकराव्या-बाराव्या शतकाच्या सांध्यावर होऊन गेलेल्या इमाम गझालींनी 'इह्या' या आपल्या थोर ग्रंथात सब्र आणि शुक्र यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे. धीर आणि कृतज्ञता यांची अशी जोडी का, हे मला तरुणपणी कळले नव्हते. आता वाटते, आयुष्यात या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या दिवशी येत नाहीत. एकाच पावसात एका गॅलरीत शुक्र असतो आणि एका शेतात सब्र. कधी तर एकाच घरात, एकाच संध्याकाळी. मात्र शुक्र ज्याचा त्याने मानायचा असतो आणि सब्र ज्याचा त्याने धरायचा असतो. दुसऱ्याला सब्र शिकवून आपण शुक्र मानत बसलो, तर या दोन्ही शब्दांची विटंबना होते.

मग माझ्या त्या संध्याकाळच्या आनंदाचे काय? तो गुन्हा नव्हता, असे मला आता वाटते. चूक वेगळीच होती. वास आला हे माझ्या लक्षात आले; ऑक्टोबर आहे, आपाचे सोयाबीन बाहेर आहे, हे लक्षात आले नाही. गंजी कधी लावतात हे मला ठाऊक नव्हते असे नाही. लहानपण मी तिथेच काढले आहे. शहराने मला पाऊस फक्त हवामान म्हणून पाहायला शिकवले, आणि मी शिकलो. लहानसहान गोष्टी टिपणारे मन मोठे रसिक समजले जाते. पण जे मन फूल टिपते आणि कोंब टिपत नाही, त्याचे पाहणे अर्धेच आहे. आनंद सोडून देण्याने ते पुरे होणार नाही. पाहणे वाढवावे लागेल.

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापूरकडे पुराने शेतेच्या शेते गेली, माती खरवडून गेली. तेव्हा मी पहिला फोन केला तो 'किती पाणी आहे?' हे विचारायला. यात मोठेपणा नाही. सहा वर्षांपूर्वीच जे यायला हवे होते ते उशिरा आले, इतकेच.

२०१९ ची गोष्ट मात्र एवढ्यावर संपली नाही. नोव्हेंबरात एस.टी.ने एक खोके आले. बांधावरची सीताफळे, भाताच्या पेंढ्यात नीट रचलेली. काही कच्ची, काहींचे डोळे उघडू लागलेले. मी फोन केला. आधी पंचनामा झाला का, ते विचारले. ती म्हणाली, "झालाय. पैसे कवा येतील ते खुदाला ठाऊक." मग सीताफळांबद्दल बजावले, की डोळे उघडलेली आधी खा, बाकीची तांदळात ठेव. मला त्या दिवसाबद्दल माफी मागायची होती. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात तिनेच विचारले,

"त्या झाडाचा वास येतो का रे अजून?"

मी म्हटले, "आता कमी झालाय."

"पुढच्या वर्षी आला की सांग," ती म्हणाली. "फक्त आधी माझ्या सोयाबीनचं विचार."