गीझर बिघडलाच नव्हता

मागच्या डिसेंबरात आमचा गॅस गीझर रोज सातव्या-आठव्या मिनिटाला बंद पडायला लागला. नेमका डोक्याला शाम्पू असताना. पुण्यात सिंहगड रोडला तिघांनी मिळून घेतलेला भाड्याचा फ्लॅट, बाथरूम एवढंसं, गीझर आतच भिंतीवर टांगलेला, सिलिंडर दाराबाहेर. मी डिग्रीनं मेकॅनिकल इंजिनीअर आणि पोटापाण्यासाठी कोड लिहिणारा, म्हणून हे प्रकरण आपोआप माझ्या गळ्यात पडलं.

गॅस गीझर तसं सरळ यंत्र आहे. नळ सोडला की पाण्याच्या दाबानं आतला रबरी पडदा सरकतो, तो एक स्विच दाबतो, दोन सेलवर ठिणगी उडते आणि गॅसचा व्हॉल्व्ह उघडतो. बर्नरजवळ एक बारीक इलेक्ट्रोड असतो, त्याला ज्योत जाणवली नाही तर व्हॉल्व्ह लगेच बंद. त्यामुळे बिघाड कधी होतोय यावरून तो कुठे आहे हे बरंचसं कळतं. ठिणगीच नाही? सेल संपलेत. ठिणगी आहे पण पेटत नाही? गॅस येत नाहीये. पेटून दोन सेकंदांत विझतो? इलेक्ट्रोडवर काजळी. पाण्याची धार बारीक झाली की विझतो? इनलेटच्या जाळीत क्षार. मी सेल बदलले, जाळी व्हिनेगरमध्ये भिजवली, इलेक्ट्रोड पॉलिश पेपरनं घासला (रेग्युलेटर बंद करून, तेवढी अक्कल होती). तरी सातव्या मिनिटाला ठप्प.

खरं तर सात मिनिटं हाच पुरावा होता. सुरुवातीला नीट चालून मग थांबणारी गोष्ट म्हणजे कुठेतरी काहीतरी साठत जातंय किंवा संपत जातंय. ऑफिसात असं झालं तर मी रात्र-रात्र मेमरी लीक शोधत बसतो. घरी मी मेकॅनिकला फोन केला.

त्यानं झाकण उघडलं, पाच मिनिटं गीझर चालवून पाहिला आणि म्हणाला, "सर, ह्यात ऑक्सिजनचा सेन्सर आहे, तोच कट मारतोय. डायरेक्ट करून देऊ?"

"चालतं ना तसं?"

"सगळेच करतात."

तीनशे रुपये झाले. मी फोनवरून टाकले आणि पुढचे वीस दिवस आम्ही राजासारख्या अंघोळी केल्या. रूममेटनी मला चहा पाजला. गीझरच्या छोट्या खिडकीतून दिसणारी निळी ज्योत हल्ली कडेनं पिवळी दिसते, हे मी पाहिलं होतं. पाहिलं आणि सोडून दिलं.

जानेवारीत एका रूममेटचा धाकटा भाऊ प्रवेशपरीक्षेसाठी आला. परीक्षेच्या सकाळी तो अंघोळीला गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. दार वाजवल्यावर कडी निघाली आणि तो उंबऱ्यातच बसला. डोकं ठणकत होतं, पायांत जीव नव्हता, उलटीसारखं होत होतं. गॅलरीत नेऊन बसवल्यावर अर्ध्या तासात सावरला. टेन्शन आलं असेल, रात्रभर जागला असेल, पित्त झालं असेल, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली. दवाखान्यात नेऊ या, असं मी म्हणालो नाही. कारण डॉक्टरांनी विचारलं असतं, गीझर कुठला आहे? मुलगा रिक्षात बसून परीक्षेला गेला.

तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन वर पाहिलं. काचेच्या पट्ट्यांच्या खिडकीवर थर्माकोल होता. नोव्हेंबरात गार वारा येतो म्हणून मीच तो चिकटपट्टीनं बसवला होता. जून-जुलैत हाच गीझर वीस मिनिटं सलग चालायचा, तो का, हे तिथे उभ्या उभ्या कळलं. आपल्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन असतो. एक लिटर प्रोपेन वायू पूर्ण जळायला साधारण 24 लिटर हवा लागते, ब्युटेनला 31. बंद खोलीत ती संपत जाते, ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, जो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून जास्त पट घट्ट धरतो. सिलिंडर गळला तर वास येतो, कारण माणसांनी त्यात तो मुद्दाम मिसळलेला असतो. ह्या वायूला वास नाही, रंग नाही. आमच्या बाथरूममध्ये त्याचा वास घेऊ शकणारी एकच वस्तू होती, आणि तिला गप्प करायला मी तीनशे रुपये दिले होते.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नागेल ह्या दोन तत्त्वज्ञांनी 1976 साली 'नैतिक नशीब' ह्या विषयावर दोन निबंध लिहिले. नागेलचं एक उदाहरण ट्रक ड्रायव्हरचं आहे. त्यानं ब्रेक तपासून घेतलेले नाहीत. रस्त्यात लहान मूल आडवं आलं नाही तर तो घरी जाऊन जेवतो, आलं तर आयुष्यभर गुन्हेगार. हलगर्जीपणा दोन्हीकडे तेवढाच. मग दोष कमी-जास्त कसा? हे वाचून माझी सुटका होईल असं मला वाटलं होतं. मुलगा वाचला, म्हणजे मी घरी जाऊन जेवणारा ड्रायव्हर.

पण ते उदाहरण मला नीट बसत नाही. तो ड्रायव्हर निदान स्वतःच्याच ट्रकमध्ये बसलेला असतो. मी ब्रेक काढून ट्रक दुसऱ्याच्या हातात दिला, तोही न सांगता. आणि ब्रेक तपासायचे त्याच्याकडून राहून गेले होते. मला 'ऑक्सिजन' हा शब्द मराठीत, तोंडावर ऐकवला गेला होता. सेन्सर बिघडला असेलही, सेन्सर बिघडतात. पण तो खरं बोलत असेल तर काय, हा प्रश्न मी विचारलाच नाही, कारण उत्तर गैरसोयीचं निघालं असतं. ही सवय कुठून आली ते मला माहीत आहे. रात्री तीनला येणारा अलर्ट म्यूट करणं, एरर गिळून टाकणारा कोड लिहून डॅशबोर्ड हिरवा करणं, हे मी वर्षानुवर्षं करतोय आणि त्याबद्दल कुणी कधी ओरडलेलं नाही. उलट तिकीट लवकर बंद केलं म्हणून शाबासकी मिळाली आहे. थांबणं म्हणजे बिघाड, हे आमच्या धंद्यात इतकं मुरलंय की एखादी वस्तू काम म्हणून थांबली असेल हे सुचतच नाही.

मेकॅनिकला दोष द्यावा का? थोडा द्यावा. पण दिवसाला आठ घरं फिरणारा माणूस गिऱ्हाईक मागेल ते देतो आणि मी गरम पाणी मागितलं होतं. घरमालकानं गीझर बाथरूममध्ये बसवायलाच नको होता, हेही खरं. ही वाटणी करत बसलो की माझा वाटा छान लहान होत जातो, म्हणून मी ती सोडून दिली.

त्याच संध्याकाळी मी रूममेटला सांगितलं. तो ओरडला नाही. आत गेला, थर्माकोल ओरबाडून काढला आणि मग विचारलं, "किती दिवस?"

"वीस."

"आपण तिघं पण?"

"हो."

गीझर आता ड्राय बाल्कनीत आहे, नव्या सेन्सरसकट. मालकानं पैसे दिले नाहीत, आम्हीच काढले. पाइप लांबल्यामुळे पहिली अर्धी बादली गारच येते.

मुलाला आम्ही अजून काही सांगितलेलं नाही. परीक्षेच्या टेन्शननं चक्कर आली, असंच तो स्वतःबद्दल सगळ्यांना सांगतो. आपण जरा घाबरटच आहोत, अशी त्याची समजूत झालेली दिसते. रूममेट म्हणतो, "राहू दे रे, कळलं तर आई त्याला पुन्हा इथे पाठवायची नाही." पुढच्या पेपरला तो परत आमच्याकडेच उतरणार आहे.