हजेरीपटावरचं नाव

भाऊबीज आटोपली की भंडारा-गोंदियाकडच्या गावांत मंडई भरू लागते. बांध्यांमध्ये भारी धान अजून उभं असतं, हलक्या धानाचे पुंजणे लागलेले असतात आणि रात्री एका गावात दंडार तर शेजारच्या गावात नाटक. अशा मंडईत एक माणूस हमखास दिसतो. तो कुणाशी नजर मिळवत नाही, एकच प्रश्न दहा वेळा विचारतो, फटाका फुटला की कानांवर हात दाबून लांब जाऊन बसतो. पण मंडपाचे खांब कोणत्या क्रमानं उभे करायचे आणि पडद्याची दोरी कुठे अडकवायची, हे त्याला सांगावं लागत नाही. विचारलं तर लोक म्हणतात, ‘तो जास्त बोलत नाई, पन त्याले सारं समजते.’ गावानं त्याला सांभाळून घेतलं आहे, आणि गावाचा हा मोठेपणा खरा आहे.

पण मंडप उभारणाऱ्यांना मजुरी वाटली जाते तेव्हा त्याच्या हातावर चहा-नाश्ता पडतो. त्याला कामाला बोलावतात, पण कामकऱ्यांत मोजत नाहीत. हा लेख याच फरकाबद्दल आहे.

‘न्यूरोडायव्हर्सिटी’ हा शब्द आता मराठी वर्तमानपत्रांतही दिसू लागला आहे. ऑस्ट्रेलियातल्या समाजशास्त्राच्या अभ्यासक जुडी सिंगर यांनी १९९८ च्या आपल्या प्रबंधात तो वापरला आणि त्याच वर्षी पत्रकार हार्वी ब्लूम यांच्या लेखातून तो छापून आला. त्यामागचा विचार त्याच्या आधीपासून, ऑटिझम असलेल्या माणसांच्या आपसांतल्या चर्चांमधून आकाराला येत होता. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष टिकवण्यातली अडचण), डिस्लेक्सिया (वाचनातली अडचण), डिस्ग्राफिया (लिहिण्यातली अडचण) या गोष्टींकडे केवळ बिघाड म्हणून न पाहता माणसाच्या मेंदूच्या घडणीतले वेगवेगळे प्रकार म्हणून पाहावं, असं ही माणसं सांगत होती. ‘डायव्हर्सिटी’ या शब्दानं जैवविविधतेशी घातलेला सांधा भंडाऱ्याच्या माणसाला परका वाटायचं कारण नाही. टसर कोशाच्या अळीचे जे चाळीसच्या वर प्रकार देशभरात नोंदले गेले आहेत, त्यांतल्या एकाचं नावच ‘भंडारा’ आहे. ऐनाच्या झाडावर अळ्या सोडून पाखरांपासून त्यांची राखण करणाऱ्या ढीवर बांधवांना पुरतं ठाऊक असतं, की एका जातीची अळी दुसऱ्या जागी त्याच गुणानं वाढेलच असं नाही. दोष अळीत शोधायचा की जागा तपासायची, हा प्रश्न त्यांनी कधीच निकालात काढला आहे.

मोहाडी तालुक्यातलं आंधळगाव कोशाच्या हातमागासाठी ओळखलं जातं. मागावरच्या कामाचा एक टप्पा बाहेरच्या माणसाच्या सहसा लक्षात येत नाही. जुना ताणा संपत आला की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडावा लागतो. धागे हजारांच्या घरात. एक जरी उलटसुलट जोडला गेला तर पुढच्या सगळ्या कापडात ती रेघ उमटते. माझ्या ओळखीच्या एका विणकर घरातला तिशीचा मुलगा हे काम करतो. त्याला शाळा झेपली नाही, बाजारात तो एकटा जात नाही, अनोळखी माणूस आला की उठून आत जातो. ताणा जोडताना मात्र तो बोटांच्या चिमटीत धागा धरतो, अंगठ्यानं पीळ देतो, हलकेच ओढून पाहतो आणि पुढचा धरतो. मध्ये कुणी हाक मारली तर ओ देत नाही. त्या घरानं त्याच्यासाठी तीन सोयी केल्या आहेत. त्याची जागा खिडकीशी ठरलेली आहे, त्या वेळेत रेडिओ बंद असतो आणि काम बदलायचं असेल तर त्याला आदल्या रात्री सांगून ठेवतात. या तीन सोयींना काही खर्च आला नाही. दिव्यांग हक्क कायदा ज्याला ‘वाजवी सोयी’ म्हणतो त्या याच, आणि त्या घरातल्या माउलीनं कायदा न वाचता केल्या आहेत.

पण साडी विकली गेल्यावर होणाऱ्या हिशेबात त्याचं नाव नसतं. ‘घरचंच काम आहे,’ असं घरचे म्हणतात, आणि ते खोटंही नाही. मागावरच्या बायकांच्या कामाचंही पिढ्यान् पिढ्या हेच झालं. जे काम घरचं म्हणून ओळखलं जातं त्याचा मोबदला धरला जात नाही, आणि मोबदला नसला की बचत खातं नाही, अनुभवाचा दाखला नाही, उद्या आई गेल्यावर दुसऱ्याच्या मागावर बसण्याची पत नाही.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी, कारण अशा गोष्टी सांगितल्या की ऐकणारे लगेच सूत्र बांधतात: ऑटिझमवाल्यांना किचकट, तेच-ते काम द्या, ते छान करतात. तसं नाही. याच वस्तीत असा मुलगा आहे जो पाच मिनिटं एका जागी बसू शकत नाही, कांडी भरायला दिली तर अर्ध्यात टाकून पळतो, पण तलावाच्या काठानं म्हशी कुठे भरकटल्या हे त्याच्याइतकं कुणी हेरत नाही. आणि अशीही मुलं आहेत जी कोणतंही पैशाचं काम करणार नाहीत, ज्यांना जेवण भरवावं लागतं, रात्र-रात्र झोप नसते. वैविध्याचं कौतुक करणाऱ्या लेखांत ही मुलं आणि त्यांच्या आया दिसेनाशा होतात. कमाईवरून माणसाची किंमत ठरवायची नसेल, तर त्यांच्यापासूनच सुरुवात केली पाहिजे.

गावानं सांभाळून घेणं आता का पुरणार नाही, याचं कारण शेतात आहे. रोवणीला बायकांची रांग लागायची, पऱ्हे पोहोचवायला, पेंढ्या फेकायला, कडपा उलटवायला, पुंजण्याजवळ राखणीला माणूस लागायचा. या शेकडो लहानसहान कामांत वेगळ्या घडणीचा माणूस न बोलता सामावला जायचा. त्याला मुलाखत द्यावी लागत नव्हती. आता हार्वेस्टर एका दिवसात कापणी आणि मळणी दोन्ही उरकतं. त्याला विरोध करण्यात अर्थ नाही, शेतकऱ्याचा खर्च वाचतो. पण त्यासोबत गेली ती कामाची दारं, ज्यांना उंबरठा नव्हता. त्यांच्या जागी जी नवी कामं येतात त्यांना अर्ज असतो, परीक्षा असते, समोर तीन माणसं बसून ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हणतात.

या उंबरठ्यांतला पहिला शाळेत लागतो, आणि झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या भागात, तो जास्त उंच आहे. झाडीबोलीत ण नाही, ळ नाही, श आणि ष नाहीत. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा अभ्यास आणि तिची चळवळ उभी केली तेव्हा हे सगळं नीट मांडलं. तिसरीतलं पोर ‘पानी’ लिहितं, ‘सेन’ लिहितं. ते घरी ऐकतं तेच लिहितं, त्यात कसलीही अक्षमता नाही. पण त्याच बाकावर डिस्लेक्सिया असलेलं दुसरं पोर बसलेलं असतं आणि दोघांच्या वह्यांवर सारख्याच लाल रेघा ओढल्या जातात. फरक ओळखण्याची एक साधी खूण अनुभवी बाई सांगतात. बोलीमुळे चुकणारं मूल दर वेळी एकाच प्रकारे चुकतं. दुसरं मूल एकाच पानावर तोच शब्द तीन तऱ्हांनी लिहितं, वेलांटी कधी अलीकडे कधी पलीकडे, जोडाक्षर आलं की थबकतं, आणि तोंडी विचारलं तर फडाफडा उत्तर देतं. पहिल्या मुलाला बोलीपासून प्रमाण भाषेकडे नेणारे धडे हवेत, दुसऱ्याला अगदी वेगळी मदत हवी. दोघांनाही ‘ढ’ म्हटलं की दोघंही हातचे जातात.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ‘डाली’ नावाची डिस्लेक्सिया तपासणीची साधनं तयार केली, ती हिंदी, कन्नड, इंग्रजीबरोबर मराठीतही आहेत. इंग्रजीतल्या चाचण्यांवरून मराठी मुलांचं निदान करण्याच्या दिवसांपेक्षा ही फार मोठी प्रगती आहे. पण मराठी म्हणजे प्रमाण मराठी. लाखांदूरच्या मुलाची तपासणी करणाऱ्याला त्याच्या घरची बोली माहीत असणं हा निदानाचाच भाग आहे, ते सौजन्य म्हणून सोडून देता येणार नाही. झाडीबोलीत चाचणी तयार करणं हे विद्यापीठानं आणि बोलीच्या अभ्यासकांनी मिळून हाती घ्यावं असं काम आहे, आणि ते भंडाऱ्यातच होऊ शकतं.

महाराष्ट्र या बाबतीत मागे नव्हता. १९९६ सालीच राज्यात अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सवलती मिळू लागल्या, मुंबईच्या सायन रुग्णालयात त्यांच्यासाठी क्लिनिक उभं राहिलं, आणि महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशनही त्याच वर्षीची. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ केले आणि त्यांत ऑटिझम व विशिष्ट अध्ययन अक्षमता आल्या. त्याआधीच्या, २०११ च्या जनगणनेत या दोहोंसाठी वेगळा रकानाच नव्हता. त्यामुळे भंडारा जिल्ह्याच्या १२ लाख लोकसंख्येत अशी किती माणसं, हे त्या गणतीतून निघतच नाही. ज्यांची मोजदाद नाही त्यांच्यासाठी तालुक्याला थेरपिस्ट मागायचा तरी कशाच्या आधारावर? लाखांदूरहून नागपूर शंभराहून अधिक किलोमीटर. आठवड्यातून दोनदा मुलाला थेरपीला न्या असं सांगणाऱ्याला त्या आईची रोजी बुडते हे दिसत नाही.

सवलत कागदावर असूनही हातात पडत नाही, याचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयात नोंदलं गेलं आहे. डिस्ग्राफिया असलेली एक विद्यार्थिनी २०२१ च्या नीट परीक्षेला बसली. तिला तासाभराचा जादा वेळ मिळण्याचा हक्क होता. परीक्षा केंद्रावरच्या माणसांना तो नियम ठाऊक नव्हता, इतरांबरोबर तिचीही उत्तरपत्रिका काढून घेतली गेली. मुंबई उच्च न्यायालयातून प्रकरण दिल्लीला गेलं आणि २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात न्यायालयानं परीक्षा घेणाऱ्या यंत्रणेला झालेला अन्याय दूर करण्याचा विचार करायला आणि केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यायला सांगितलं. फेरपरीक्षा मात्र मिळाली नाही. तिच्यासारखी वकिलापर्यंत पोहोचू शकणारी मुलं किती? बाकीची घरी येऊन गप्प बसतात, आणि घरचे म्हणतात अभ्यास कमी पडला.

नोकरीचं पाहू. २०१६ च्या कायद्यानं सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी किमान ४ टक्के जागा ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या १ टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता हे सगळे आले. प्रत्येक आस्थापनेनं समान संधी धोरण जाहीर करायचं आहे, खासगी असली तरी. आपल्या जिल्ह्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखल्याला मॉयलच्या मँगनीज खाणी आहेत, जवाहरनगरची आयुध निर्माणी आहे, गडेगावला अशोक लेलँड, वरठीला सनफ्लॅग. मोठ्या उद्योगांत तपासणी, मोजणी, नोंद, सुट्या भागांची जुळणी अशी कामं असतातच. अडतं ते निवडीच्या पद्धतीत. डेन्मार्कमध्ये थोरकिल सोन्ने या गृहस्थांनी, स्वतःच्या मुलाला ऑटिझम असल्याचं कळल्यावर, २००४ साली स्पेशलिस्टर्ने ही कंपनी काढली. त्यांनी मुलाखतच काढून टाकली. उमेदवाराला लेगोचे यंत्रमानव जुळवायला द्यायचे आणि तो काम कसं करतो हे निवांत पाहायचं. जर्मनीच्या सॅप कंपनीनं २०१३ मध्ये असाच उपक्रम जाहीर केला, तेव्हा त्याची आधीची चाचपणी आपल्या बंगळुरूमध्ये झालेली होती. आपल्या आयटीआयमधल्या मुलाला पंधरा दिवस प्रत्यक्ष यंत्रावर ठेवून निवडणं कुठल्याही कारखान्याला परवडणारं आहे. बोलण्यात अडखळणारा फिटर वाईट फिटर असतो, असं कुणीही कारागीर म्हणणार नाही.

सगळ्यात जवळचं दार मात्र रोजगार हमीचं. मामा (माजी मालगुजारी) तलावांचा गाळ काढण्याची, पांदण रस्त्यांची कामं या जिल्ह्याला नवी नाहीत. २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांनी दिव्यांग मजुरांना झेपतील अशी कामं द्यायला सांगितलं, पाणी वाटणं, कामावरच्या लेकरांना सांभाळणं, मेट, म्हणजे कामावरचा मुकादम, म्हणून नोंदी ठेवणं, आणि मजुरी इतरांइतकीच. ग्रामसभेत रोजगारसेवकाला उभं करून विचारता येईल, की गावातल्या ‘त्या’ पोराचं नाव हजेरीपटावर का नाही? पाण्याचा हंडा तो असाही उचलतोच. मस्टरवर नाव आलं की बँकेत पैसे येतात, आणि भैताड म्हणून हाक मारणाऱ्याची जीभ थोडी तरी अडखळते, हे मी पाहिलं आहे.

राहिली आईबापांना रात्री जागवणारी गोष्ट: ‘आमच्या मागं याचं कोन?’ अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी अनाथ दिव्यांग मुलांना आपलं नाव देऊन वाढवलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं म्हणणं कित्येक वर्षांपासून एकच आहे, की अशा मुलांना १८ वर्षं झाली म्हणून संस्थेबाहेर काढू नका. कारण अठराव्या वाढदिवसानं मूल बदलत नाही. घरात वाढणाऱ्यांसाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी कायदेशीर पालक नेमण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीला आहे. त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. न्यासाच्या निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही मिळतो. गावात ज्यांना याची गरज आहे, त्यांतल्या फार थोड्यांच्या कानावर हे गेलेलं असतं.

म्हणून एक मागणी. या समितीनं भंडारा शहरात बसून अर्जांची वाट पाहू नये. पवनी, साकोली, लाखांदूर, तुमसर इथे शिबिरं लावावीत, एकाच दिवशी तपासणी, दाखला, पालकत्वाचा अर्ज आणि बँक खातं उरकेल अशी. कागद समजावून सांगणारा माणूस झाडीबोली बोलणारा असावा. एक शांत खोली असावी, कारण गोंगाटात घाबरलेल्या मुलाची तपासणी होत नाही. आणि तारीख रोवणीच्या जुलैत नको. धान विकून हातात चार पैसे आणि चार दिवस मोकळे असतात, ते मंडईचेच शेवटचे दिवस धरावेत.