शनिवारची रिकामी टोपली

शास्त्रपाठ : योहान 21:1-14



तुमच्यापैकी पुष्कळांनी समुद्र पाहिला नसेल. म्हणून एका शनिवारची हकीकत तुम्हांस कळवितो. आम्ही परळास राहतो. त्या दिवशी दुपारी आम्ही सपत्नीक वरळी कोळीवाड्याजवळच्या खडकांवर गरवावयास गेलो. गरवणे म्हणजे दोरीच्या टोकास गळ बांधून व त्यास कोळंबीचे आमिष लावून मासा धरणे. निघताना शेजाऱ्यांस मोठ्या तोऱ्याने सांगितले होते की, आज तुमच्याही घरी कालवण पाठवू.

भरती चढत होती. दोन तास गेले, तरी गळास काही लागेना. शेवटी दोरीस झटका बसला आणि एक गोबरा वर आला. तो वीतभरही नव्हता. आम्ही तो टोपलीत टाकणार, तोच पत्नी म्हणाली, "अहो, सोडा त्याला. त्याचे वाढायचे दिवस आहेत." आम्हांस राग आला. "एवढ्या वेळात हा एक मिळाला, तोही सोडू?" शेजारी जाळे सांधीत बसलेला एक वृद्ध कोळी मान वर न करता म्हणाला, "बाय बरोबर बोलते. पिल्लेच खाल्ली तर उद्या जाळ्यात काय येईल?"

त्याचे म्हणणे खरे होते. माशांची वीण व्हावी म्हणूनच गेली काही वर्षे आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते. 2023 साली शासनाने पापलेटास राज्यमासा ठरविले, तेही लहान पिल्ले धरली गेल्यामुळे तो घटत चालला म्हणूनच. पत्नीने हात ओले करून गळ हलकेच सोडविला आणि मासा पाण्यात दिला.

परतताना टोपली रिकामी होती. वाटेत कोळणी मासळी विकीत होत्या. आमच्या मनात पाप आले. आम्ही म्हणालो, "बोंबलांचे दोन वाटे घेऊ, आणि आम्हीच धरले असे सांगू." पत्नी हसली, मग गंभीर होऊन म्हणाली, "बोंबील गळास लागत नाही, डोल जाळ्यात सापडतो. हे शेजाऱ्यांस ठाऊक नसेल. देवास ठाऊक आहे."

बंधूंनो, तिबिर्याच्या समुद्रावर पेत्र व त्याचे सोबती रात्रभर श्रमले आणि त्यांस काही मिळाले नाही. पहाटे प्रभूने किनाऱ्यावरून विचारले, तेव्हा त्यांनी सबब सांगितली नाही. काही नाही, एवढेच कबूल केले. त्या कबुलीनंतरच त्यांचे जाळे 153 माशांनी भरले. रिकामे हात दाखविण्याची ज्यास लाज वाटते, त्याचे हात प्रभूने कसे भरावे?

ह्याच पेत्रास पत्नी होती. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौल सांगतो की, केफा प्रवासात तिला बरोबर नेत असे. सोबत म्हणजे केवळ भाकरी भाजून देणे नव्हे. पाऊल घसरत असता वेळीच सांगणे, हीही सोबतच होय. पतींनो, असा शब्द आला असता रागावू नका. पत्नींनो, तो शब्द गिळू नका.

उपदेशक बंधूंनो, महिन्याचा अहवाल लिहिताना बारा श्रोत्यांचे तीस करण्याचा मोह होतो. बारा होते तर बाराच लिहा. कोणीच आले नसेल तर तेही लिहा. शेतकरी बंधूंनो, पीक बुडाले असता सावकारास व मंडळीस खरेच सांगा.

त्या रात्री आम्ही शेजाऱ्यांच्या दारी जाऊन रिकामी टोपली दाखविली. ते मनमोकळे हसले आणि त्यांनीच आम्हां उभयतांस आपल्या पंक्तीस बसविले. ताटात वरणभात होता, आणि तो आम्हांस फार गोड लागला.