अपघाताची भरपाई आणि साक्षीदाराची जीभ

दिवाळी सरली म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील कित्येक गांवें अर्धींअधिक ओस पडतात. कोयता, तवा, पिठाचें गांठोडें व लहान मुलें ट्रॅक्टरच्या ट्रॉलींत घालून टोळ्या सांगली, सातारा, कोल्हापूर व कर्नाटकाकडील उसाच्या फडांवर निघतात, आणि चैत्राच्या सुमारास परततात. गेलेलीं सर्वच माणसें परत येतात असें नाहीं. मागें दिवा नसलेल्या ट्रॉलीवर रात्रीं ट्रक आदळतो, उतारावर ट्रॅक्टर उलटतो, किंवा फडावरून कोपीकडे पायीं येणारा मनुष्य वाहनाखालीं सांपडतो. मग गांवीं प्रेत येतें, आणि प्रेताच्या मागोमाग कागद घेऊन कोणी तरी येतो.

अशाच एका घरीं आम्ही सांत्वनास गेलों होतों. तरुण रस्त्याच्या कडेनें चालत असतां एका ट्रॅक्टरनें त्यास उडविलें. हांकणाऱ्या मुलापाशीं परवाना नव्हता. वाहनाचा विमा मात्र चालू होता. मालकाचा मनुष्य आमच्या देखत म्हणाला, "मालकाच्या भावापाशीं परवाना आहे. तोच हांकीत होता असें लिहूं. तुमचे मास्तर तेथें होते, ते तेवढी साक्ष देतील. बाईला पैसे मिळतील, कंपनीचें काय जातें?" मास्तर म्हणजे आमच्या मंडळीचे उपदेशक. हंगामांत ते आपल्या लोकांबरोबर फडावर राहतात, आणि तो प्रकार त्यांनीं खरोखरच पाहिला होता. त्या रात्रीं ते आम्हांस म्हणाले, "पाळकसाहेब, विधवेच्या ताटांत भाकर पडत असेल, तर एवढें एक नांव बदलणें पाप कसें?" आम्हांस तत्क्षणीं उत्तर सुचलें नाहीं, हें कबूल केलेलें बरें.

त्या घरांत याहून आधींचा प्रश्न मृताच्या आईनें विचारला होता. "माझ्या लेंकराची किंमत घेऊन ती मी खाऊं काय?" हा प्रश्न पुष्कळ घरांत विचारला जातो, व त्यास हंसूं नये. आम्हीं तिला निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायांतील मारक्या बैलाची गोष्ट सांगितली. बैल मारका आहे हें ठाऊक असून मालकानें तो बांधला नाहीं, आणि त्यानें मनुष्य मारला, तर दोष मालकाकडे येतो, व त्यास प्राणाबद्दल भरपाई भरावी लागते. ही गोष्ट तिला लगेच पटली. तिच्याच गोठ्यांत एकदां तसा बैल होता. आजचा ट्रॅक्टर हा त्या बैलाहून मारका आहे. मनुष्याची किंमत कोणास करतां येत नाहीं, आणि न्यायालयही ती करीत नाहीं. त्याच्या हातांनीं घरांत येणारी भाकर बंद झाली, तिचा हिशेब तें करितें.

तो हिशेब कसा होतो हें आमच्या वाचकांस ठाऊक असावें. आपल्या देशांत परक्यास होणाऱ्या इजेबद्दल मोटारीचा विमा सक्तीचा करणारें प्रकरण १९३९ च्या कायद्यांत होतें, व तें १ जुलै १९४६ पासून अमलांत आलें. (बीड तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें.) आतां १९८८ चा कायदा चालतो. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढें करावयाचा असतो. अपघात कोल्हापुराकडे झाला तरी कुटुंब राहतें तेथील न्यायाधिकरणाकडे, म्हणजे बीड जिल्ह्यांतच, तो करतां येतो. १ एप्रिल २०२२ पासून अमलांत आलेल्या दुरुस्तीनें मुदत सहा महिन्यांची ठेविली आहे, म्हणून शोकांत फार दिवस घालवूं नयेत. समजा, मृताचें वय ३२ व मिळकत महिना १२,००० रुपये होती, आणि त्याच्यावर पांच माणसें अवलंबून होतीं. वर्षाचे १,४४,००० झाले. पुढें मिळकत वाढली असती म्हणून २०१७ च्या प्रणय सेठी निकालाप्रमाणें त्यांत शेंकडा ४० मिळविले, तर २,०१,६०० होतात. त्यांतून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा जातां १,५१,२०० उरतात. २००९ च्या सरला वर्मा निकालानें या वयास १६ हा गुणक ठरविला आहे. म्हणजे रक्कम २४,१९,२०० होते. निरक्षर मजुराच्या घरासही हाच नियम आहे.

परंतु मिळकत सिद्ध कशी करावी? उचल मुकादमाच्या वहींत, व तीही नवऱ्याच्या नांवें. नवराबायको मिळून एक कोयता. बायकोचे हात त्याच कोयत्यांत बुडून जातात. ती मेली तर तिची मिळकत शून्य मानावी काय? २०२१ सालीं कीर्ती प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें घरकाम करणाऱ्या स्त्रीच्याही श्रमाची किंमत धरली पाहिजे असें सांगितलें. मग ऊस तोडून वर घरकाम करणारीची कां नाहीं? आणि नवरा मेला असतां मुकादम भरपाईंतून उचल कापून मागतो, तें ऐकून आमचें रक्त तापतें.

आतां मास्तरांच्या प्रश्नाकडे वळूं. आम्हीं जिल्ह्याच्या ठिकाणीं एका वकिलांस विचारिलें, तेव्हां जें कळलें त्यानें आमचे डोळे उघडले. परवाना नसलेला चालक होता एवढ्यावरून रस्त्यावरील निरपराध मनुष्याच्या घरचे लोक उपाशी राहूं नयेत, म्हणून विमा कंपनीनें आधीं रक्कम द्यावी व मग ती मालकापासून वसूल करावी, अशी वाट सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्वर्णसिंग प्रकरणांत दाखविली, व पुष्कळ प्रसंगीं न्यायालयें तसा हुकूम करीत आलीं आहेत. म्हणजे नांव बदलण्याची गरज विधवेस फारशी नव्हतीच. ती मालकास होती! त्याच्या खिशांतून जावयाचें तें वांचावें म्हणून विधवेचे अश्रू पुढें केले होते. आमच्या अनुभवांत अशा खोट्याच्या मागें पुष्कळदां असा एक तिसरा मनुष्य उभा असतो. दवाखान्याच्या दारींच हिस्सा ठरवून वकीलपत्रावर अंगठा घेणारे दलाल त्यांतलेच. भरपाईंत वांटा ठरवून घेणें हें वकिलांच्या नियमांस मान्य नाहीं. आणि स्त्रियांस तर मिळकत न पाहतां जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विनामूल्य वकील मिळतो.

तथापि सगळींच प्रकरणें इतकीं सोपीं नसतात. वाहन मारून पळून गेलें व सांपडलें नाहीं, तर सरकारी योजनेंतून मृत्यूबद्दल २ लाख रुपये मिळतात. तेथें कोणी म्हणतो, शेजाऱ्याची विमा असलेली मोटार दाखवा, वीस लाख येतील. येथें खोट्यानें विधवेचें खरोखरच भलें होतें, हें आम्ही नाकारीत नाहीं. तरी त्या मोटारीच्या चालकावर मनुष्य मारल्याचा फौजदारी खटला होतो. तो आज पैसे घेऊन हो म्हणेल, पण त्याच्या मुलांस कोणी विचारलें? पैसा कंपनीचा म्हणावा, तर तो गांवच्या रिक्षावाल्यानें व ट्रॅक्टरवाल्यानें भरलेल्या हप्त्यांचा आहे. शिवाय बनावट दावे वाढले म्हणजे खऱ्याकडेही संशयानें पाहिलें जातें. उत्तर प्रदेशांत असे दावे इतके माजले कीं अलाहाबाद उच्च न्यायालयानें २०१५ सालीं त्यांच्या चौकशीकरितां विशेष पथक नेमविलें. पुढच्या खऱ्या विधवेस वर्षानुवर्षें तारखा पडतात, त्यास हेंही एक कारण होतें.

पण जो पाळक विधवेस अठरा लाखांवर पाणी सोड म्हणतो, त्यानें तिच्या घरांतील दाणे कधीं संपतात हेंही पाहिलें पाहिजे. नुसता उपदेश करून घरीं जेवावयास जाणें आम्हांस लाजिरवाणें वाटतें.

मास्तरांनीं पोलिसांपुढें पाहिलें तेंच सांगितलें. मालकाच्या मनुष्यानें त्यानंतर आमच्याशीं बोलणें सोडलें. मंडळीनें सुगींत पायली-पायली ज्वारी जमवून त्या घरीं पोंचविली, व मोठ्या मुलीची शाळा सुटूं दिली नाहीं. आई अजूनही पैशाचें नांव काढलें कीं तोंड फिरविते. सुनेनें मात्र अर्जावर सही केली आहे, अंगठा नव्हे. दाव्याचा निकाल लागावयाचा आहे. पुढची तारीख आषाढांत आहे, आणि मास्तर तिच्याबरोबर बीडास जाणार आहेत.